ऱ्य

डोंगल म्हणजे अंगठ्याएवढी निळी किल्ली,
संगणकाच्या पाठीत खोचलेली.
ती होती तोवर अक्षरं होती.
शहापूरच्या खडे बाजारात बावीस वर्षं
मी लग्नं जुळवली नाहीत, छापली:
वडगावच्या मागवाल्यांची, अनगोळची, येळ्ळूरची,
एका अंगाला मराठी, उलट अंगाला कानडी,
मामाचं नाव दोन्हीकडे ठळक.

ऐन तिथींच्या दिवसांत किल्ली मेली.
पुण्याच्या कंपनीचा नंबर लावला,
तिथे आता कुणीतरी फरशा विकतो.
फाइल उघडली तर वधूच्या जागी
टिंबं, शेपट्या, उलटे स्वल्पविराम.

दत्ताजी मुतगेकर आले,
वडिलांच्या पुण्यतिथीचं पत्रक, दरसालचंच.
"तेवढा एक आकडा बदला, बाई."
काय सांगू त्यांना,
तुमचे वडील माझ्याच कपाटात आहेत,
खरं कपाट माझं नाही.

किर्लोस्कर रोडवरचा पोरगा म्हणाला,
नवीन घ्या ना, महिन्याच्या भाड्यानं.
भाडं थकलं तर?
तर बंद.
म्हणजे मी जोडाक्षरं भाड्यानं घ्यायची
आणि वेलांटीचा हप्ता भरायचा.

समोरच्या बोळात इरप्पा होसमनीचा कानडी छापखाना.
एक नोव्हेंबरला मी शटर ओढते, तो पताका लावतो,
दोन नोव्हेंबरला चहा एकाच किटलीतला.
त्यानं पेनड्राइव्ह आणला, बनियनच्या खिशातून.
"ह्यात सगळं हाय अक्का. पैसे न्हाईत."
पैसे नाहीत म्हटल्यावर मला आधी शंकाच आली.
"फुकट असं न्हवं," तो म्हणाला, "मोकळं.
आत काय हाय बघता येतंय,
मोडून जोडता येतंय, दुसऱ्याला देता येतंय.
विरजण मागाय आलं तर पैसे घेतंय काय कोण?"

रात्रभर जुन्या फाइली गाळल्या,
कुण्या अनोळखी माणसानं विणलेल्या चाळणीतून.
मुतगेकरांचे वडील पहिल्याच फटक्यात आले,
काना-मात्रा सगळं जागेवर.
मी आकडा बदलला आणि उगाच नमस्कार केला.

पत्रिकांत मात्र खोट निघाली.
'सोयऱ्याधायऱ्यांसह' चं झालं होतं
'सोयर्याधायर्यांसह'.
र उडी मारून डोक्यावर बसलेला.
इरप्पानं चष्मा पुसून पाहिलं.
"एकच दिसतंय की अक्का."
"एक न्हाई. आमचा हा र वाकतो,
य च्या बोटाला धरून चालतो."
"एवढं बारीक कोण बघतंय?"
"ज्याच्या घरी कार्य हाय तो.
आणि कार्य आन् सोयऱ्या
एकाच र नं लिहीत न्हाईत."

त्याच्या भाचीनं, सहनानं,
जिला मराठी वाचता येतं, लिहिता येत नाही,
इंग्रजीतून चार ओळींची तक्रार धाडली.
चौथ्या दिवशी उत्तर: दुरुस्त केलंय, बघा.
खाली मदत करणाऱ्यांची यादी,
एक कोट्टायमचा, एक फिनलंडचा,
एकानं नाव नुसतंच 'मांजर' लिहिलेलं,
त्या मांजराखाली आम्ही दोघी.
आम्हाला गाव कुणी विचारलं नाही.
बरं झालं. नाहीतर तिथंही वाद,
बेळगाव लिहायचं का बेळगावी.

मी काही फार सुधारले नाही.
मोबाइल तोच आहे,
शेजारणीशी काठपदराचं बोलले
की संध्याकाळी साड्या दाखवणारा.
त्याला घराबाहेर काढायचा धीर अजून नाही.
निळी किल्ली टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली,
टेबल आता हलत नाही.

परवा निपाणीचा एक मुलगा
बहिणीच्या पत्रिकेचे पैसे देऊन घुटमळला.
"फाइलची कॉपी मिळंल काय? नसंल तर ऱ्हाऊ दे."
बावीस वर्षांत मी कुणाला दिली नव्हती.
एक चूक निघाली तरी माझ्याकडेच यावं,
बांधून राहावं.
दिली. "येतो हं," म्हणत तो घाईनं उतरला,
मी विचार बदलीन अशा भीतीनं.

गिऱ्हाईक.
या शब्दातही तोच वाकलेला र आहे.
इतकी वर्षं मी तो पाटीवर
बिनचूक लिहीत आले.