कोंडी

एकतीस वर्षं डेस्कवर काढली.
चार कॉलमांत ऐसपैस बसणाऱ्या
या दोन अक्षरांनी मला पगार मिळवून दिला:
पर्वरीला वाहतुकीची कोंडी,
सभागृहात कोंडी, कामगारांच्या वाटाघाटींत कोंडी,
आणि मग एका रात्री, साडेदहाच्या सुमाराला,
पान सोडायची घाई असताना
कोंडी फुटली.

फुटायचीच. दुसरं क्रियापद
मी कधी शोधलंच नाही.

घरी पुंडलीक आणि मी नऊ महिने बोललो नव्हतो.
विहिरीच्या पंपाचं बिल, अकराशे चाळीस रुपये.
एकाच भिंतीच्या अलीकडे पलीकडे
एकाच वेळी शिट्टी देणारे दोन कुकर.
तिला मी कोंडी म्हटलं नाही.
हा शब्द बातमीतला.
भावंडांत नुसतं ‘राहू दे’ म्हणतात.

रविवारी फेरीतून चोडणला उतरले.
खाजनाच्या बांधावर बोस्त्यांव,
मानशीचा राखणदार, विडी कानावर, पाय चिखलात.
बाहेर नदी, आत शेत, मध्ये लाकडी दार.
दोन्हीकडचं पाणी एका रेघेत.
दार हलेना की कुरकुरेना.
म्हटलं, कोंडीच झाली की रे. फुटणार कधी?

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं,
जसं मी त्याच्या घराला आग लागो म्हटलं होतं.
“फुटूंक जायना, बाये. फुटलें जाल्यार शेत गेलें.”
खारं पाणी आत शिरलं
की भाताचं नाव काढायचं नाही.

मग उघडणार कोण? तू?
“हांव न्हय. सुकती उगडटा.”

बसून राहिले.
नदी उतरली बोटभर. बोटभरच.
आतलं पाणी तेवढं वर उरलं,
आणि कुणाचा हात न लागता
दार कण्हलं, बाहेर कललं.

सोमवारी मी मथळ्यात ‘सुटली’ लिहिलं.
वृत्तसंपादकानं ‘फुटली’ केलं,
जोर हवा म्हणाला. असेल.

पण ते सोमवारी.
रविवारी मानशीच्या जाळ्यात शेवटे सापडले होते,
अजून तडफडणारे.
बोस्त्यांवनं वाटे मांडले, मी दोन घेतले.
एक कशाला, ते त्यानं विचारलं नाही,
मीही स्वतःला विचारलं नाही.
परतीच्या फेरीत पिशवी ठिबकत होती
पर्समधल्या बिलावर.