वास येतो का

रजिस्टरमध्ये रकाने सहा:
ताप, खोकला, घसा, धाप, जुलाब
आणि शेवटी, वास येतो का.
सातपूरचं श्रमिकनगर, रोजची पन्नास दारं.
कडी पेनाच्या टोकानं वाजवायची,
मास्कमधून ओरडायचं, "आशाताई आलेय."

पहिल्या बंदीत केदा पगारच्या खोलीत
ताप नव्हता कुणालाच.
कंपनी बंद, दुकान बंद, तिसरा दिवस,
आणि त्याच्या हातातली बशी कपाला वाजत होती.
भिंतीवर मुंग्या दिसत होत्या त्याला.
कोरी भिंत तो झाडत बसलेला.
मी कपाळावर गन धरली. अठ्ठ्याण्णव.
फोनवर १०८ वाला म्हणाला, ताप? दम?
नाही ना? मग घरीच ठेवा, मॅडम.
मी लिहिलं: निरंक.

त्याच आठवड्यात दिंडोरीकडची द्राक्षं
कुणी टेम्पोतून फुकट वाटली,
व्यापारी फिरकलेच नाहीत म्हणून.
पोरांनी जीभ सोलवटेपर्यंत खाल्ली.
केदानं दोन क्रेट उचलले,
पाण्याच्या जारमध्ये गूळ घालून कोंबले, वर फडकं.
ज्योत्स्नानं मला जार दाखवला,
घरात बाळंतीण निजलीय अशा आवाजात:
"फुगतंय, ताई."

मग दुकानं उघडली.
चुन्याच्या गोलांत उभे राहिले सगळे,
सहा सहा फुटांवर, उन्हात, न भांडता.
इतकी शिस्त मी पुढे लसीच्या रांगेतही पाहिली नाही.

दुसऱ्या एप्रिलात ज्योत्स्नाच पॉझिटिव्ह.
मी जिन्यातूनच विचारलं, वास येतो का?
ती हसली. मास्क असूनही कळलं.
"चार दिवस झाले, नाही येत.
अकरा वर्षं मला खालच्या पायरीवरूनच कळायचं.
त्याच्याआधी तो वास वर यायचा.
मग गॅस बंद, विळी पलंगाखाली,
तन्वी शेजारी तुपेंकडे.
आता तो समोर बसला तरी
पिऊन आलाय की नाही, पत्ता नाही.
पहिल्या रात्री काय झोप लागली म्हणून सांगू!"
मग थांबली.
"परवा उशिरा कळलं," म्हणाली
आणि बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.
"तुपेसुद्धा दार उघडत नाहीत आता."

बाहीसाठी रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं, पेन्सिलीनं.
सुपरवायझरबाईंनी खोडरबर मागितला.
"हे आपल्यात येत नाही गं."

चौदाव्या दिवशी परत गेले.
ऑक्सिजन शहाण्णव, ताप नाही, खोकला नाही.
आत कशाची तरी फोडणी पडलेली.
"वास येतो का?"
ज्योत्स्ना बोलली नाही.
मास्क हनुवटीवर होता, नाकपुड्या तेवढ्या हलल्या.
ती माझ्या मागे, जिन्याकडे बघत होती.
खाली कुणाची तरी चप्पल अडखळली.
तिनं गॅस बंद केला.
तन्वी बाहेर आली, काखेत पांघरूण,
एक चप्पल पायात, एक हातात,
मला ओलांडून गेली.
मला लिहायचं होतं: लक्षणं नाहीत.
तुपेबाईंनी या वेळी दार उघडलं.