नवव्या मजल्यापर्यंत

मिन्स्कमधल्या आमच्या इमारतीत
लिफ्टला वर पोचायला चाळीस सेकंद लागतात.
तेवढ्यात कुणी विचारत नाही
कोणाला नेलं, कधी सोडतील.
विचारतात : सध्या काय वाचताय?

याद्विगाबाई सातव्यावर उतरायच्या.
दार मिटता मिटता सांगायच्या,
"ती चेलोची तबकडी, दुसरी बाजू आधी लाव.
आणि दिवा चालू ठेव,
अंधारात उगाच रडायला येतं."
मी त्यांना एक जाडजूड कादंबरी दिली होती.
दोन दिवसांत परत.
"नायक फार बोलतो रे. पकडला जाईल."

मग त्यांनी दिलं मधमाशीपालनाचं पुस्तक.
मला हसूच आलं. मला साधी बाल्कनीही नाही.

नोव्हेंबरात त्यांच्या दारावर कागदाची पट्टी,
तिच्यावर जांभळा शिक्का.
पुस्तक माझ्याकडेच राहिलं.
एकसष्टाव्या पानात ब्रेडची पावती
आणि एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ :
हिवाळ्यात पेटी उघडू नये,
बाहेरून कान लावावा.

काल लिफ्टमध्ये एक अनोळखी माणूस.
बुटांवर बर्फ, हातात बटाट्यांची पिशवी.
"काय वाचताय?"
"मधमाश्या," मी म्हटलं, आणि लगेच वाटलं,
म्हणायला नको होतं.
तो वरचे आकडे बघत राहिला.
पाच.
सहा.
"हिवाळ्याचं प्रकरण आलं का?"

सातव्यावर तो उतरला.
किल्ल्या वाजल्या, की मलाच तसं वाटलं,
तोवर दार मिटलं होतं.