फोटोतलं कोपर

शाळेची पोरं आली की मी त्यांना आधी
बत्तीस नंबरची गाडी दाखवते.
नाकावर काळा पक्षी. हावरान, म्हणजे डोमकावळा.
आमच्या कारखान्याचं नाव तेच.
इंजिन शिवणयंत्राएवढं, आवाज मात्र
अख्ख्या गिरणीचा.

त्रेसष्ट साली पहिली रॅली. सव्विसावे आलो.
चौसष्टला रेडिएटर गळू लागला, ओताकारनं त्यात
मोहरीची पूड ओतली, आणि गाडी
वरणासारखी वास मारत डोंगर चढली.
पासष्टला आपल्या गटात पहिले;
रेषा ओलांडली आणि मागचा आस तुटला.
कावळा बसला, फांदी मोडली.
पण आधी बसला, हे लिहून ठेवा, मी पोरांना सांगते.

परकीय चलन मोजून मिळायचं:
माणशी एक सूप, अर्धा पाव.
परतताना सुट्या टायरात संत्री.
सीमेवरच्या शिपायाला वास यायचाच.
दोन त्याची.

मी तेव्हा क्रीडा विभागात टाइपिस्ट.
निकाल, दंड, पेट्रोलच्या पावत्या,
सगळा इतिहास माझ्या बोटांखालून गेला.

एकाहत्तरचा जानेवारी. सीमेपलीकडचे डोंगर.
शेवटच्या टप्प्याआधी गाडी पेट्रोलला थांबली.
शेजारी बसून वाट वाचणारा व्हीत कोशनार
हातमोजे आणतो म्हणाला,
हॉटेलच्या मागच्या दारानं गेला
आणि अजून हातमोजे आणतोय.

स्लेझाकनं वीस मिनिटं वाट पाहिली.
मग रिकाम्या सीटवर व्हीतचा कोट बसवला,
कोटावर हेल्मेट.
बर्फ पडत होता, पंच पेंगुळला होता.
वही मांडीवर, टॉर्च दातांत,
तो घाट तो एकटा उतरला.
घड्याळात सगळ्यांत वेगवान.
नियमात बाद: गाडीत माणसं दोन लागतात.

साहेबांनी सांगितलं, मी टाइप केलं:
‘सहचालकाची प्रकृती बिघडल्याने.’
तीन प्रती. कार्बनखालीही ते वाक्य
तितकंच खरं दिसत होतं.
संघाचा जुना फोटो दुसऱ्या दिवशी कापला.
कात्री सरळ चालवली, म्हणून
टपावर टेकलेलं एक कोपर राहून गेलं.

दर वर्षी एखादं पोर विचारतंच,
हा हात कुणाचा?
अठरा वर्षं मी सांगत आले, मेकॅनिकचा.
आता नाव घ्यायला बंदी नाही.
पण नाव घेतलं की पुढचा प्रश्न,
मग तो गेला कुठे?
आणि ते मला कुणी टाइप करायला दिलेलं नाही.

काचेखाली त्याची वही, शेवटच्या घाटावर उघडलेली:
डावं तीन, आवळत जातं. पूल. दोनशे.
उजवं, पुढचं दिसत नाही. घाबरू नकोस.

आधीच्या अठ्ठ्याऐंशी पानांत
‘घाबरू नकोस’ कुठेच नाही. मी पाहिलंय.
लिहायची गरजच नव्हती;
वाचायला तो स्वतः असायचा.

मी काच पुसते.
पोरं पुढच्या गाडीकडे पळालेली असतात.
तिच्यात हीटर आहे.