शिसं

वाक्रुळकर साहेब आमच्या खात्यात आले
तेव्हा त्यांच्या चालण्यात अजून जहाज होतं.
सतरा वर्षं नौदल, त्यातली सहा नुसता समुद्राचा तळ मोजण्यात.
वरळीच्या कचेरीत ते पाय फाकवून उभे राहायचे,
जणू फरशी आत्ता कलेल.
शुक्रवारी दिवेलागणीआधी निघायचे;
शिपाई त्यावर घड्याळ लावायचा.

मी अनुरेखक. कधी न पाहिलेल्या नाल्यांवरून
शाई फिरवणं हे माझं काम.
पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं,
"बाई, या नकाशात भरती कुठंय?"
म्हटलं, भरती आपल्या हद्दीत येत नाही.
ते हसले नाहीत.
दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर
भरती-ओहोटीचं कोष्टक टाचलेलं.

मार्चात आम्ही दारूखान्याला गेलो, नाल्याच्या मुखाशी.
मोजमाप-पुस्तिकेत होतं: गाळ पूर्ण काढला.
खाली तीन सह्या.
साहेबांनी पिशवीतून दोरी काढली.
दर वावेला चामड्याची खूण,
मधल्या फुटांच्या गाठी त्यांनी रात्री बसून मारलेल्या.
टोकाला शिशाचा लंबोळा, बुडाशी खळगा,
खळग्यात बकऱ्याची चरबी.
"तळ काय आहे ते तळालाच विचारावं," म्हणाले.
ठेकेदाराचा माणूस त्यांच्यावर छत्री धरून होता. उन्हाची.

नऊ फूट जायला हवं होतं.
सहावर दोरी सैल पडली.
वर आलं तेव्हा चरबीत काळा चिखल,
एक काचेचा मणी, कोंबडीचं पीस.
त्यांनी ते तसंच पुस्तिकेच्या पानावर टेकवलं.
चौथी सही.
छत्री हळूच मिटली.

एप्रिलात बदली. उद्यान खातं, झाडांची गणती.
जाताना शिसं माझ्या टेबलावर ठेवलं.
"पंख्यानं कागद उडतात तुमचे," एवढंच.

पुढे चौकशी बसली, तेव्हा पुस्तिका सापडली,
ते पान नव्हतं.
उंदरांनी खाल्लं, असा अहवाल आहे.
चरबीमुळे, असंही त्यात आहे,
आणि ते खरंही असेल.

मी निवृत्त होऊन आता अकरा वर्षं झाली.
शिसं वीजबिलांवर असतं.
खळग्यात बोट घातलं तर
अजून जरा बुळबुळीत लागतं.
आज बारा चाळीसला भरती आहे, साडेचार मीटर.
मला काय करायचंय, पण बघते रोज.