हे चांगलं, की हे?

नौपाड्यात माझं चष्म्याचं दुकान आहे, बावीस वर्षं.
अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांपुढे
मी एक काच धरतो, मग दुसरी, आणि विचारतो:
हे चांगलं, की हे?
रविवारी दुकान बंद. भरतीचं गणित बघून
ऐरोलीला येतो, दिव्याच्या जेट्टीवर,
आणि खाडी मला तेच विचारते.

थापट्या सोपा. चोचीच्या जागी उलथनं.
तलवार बदकाची शेपटी दुरूनही टोचते,
मानेवरून पांढरी रेघ चढते, चॉकलेटी डोक्यात हरवते.
पण हे सगळं नरांचं, आणि तेही डिसेंबरनंतर.
ऑक्टोबरात येतात तेव्हा नरही विटक्या रंगाचे,
प्रवासातल्या कपड्यांत.
माद्या तर बाराही महिने मातकट,
ओहोटीने उघड्या टाकलेल्या चिखलासारख्या.
पुस्तक म्हणतं, पंखावरचा हिरवा पट्टा बघा.
पंख मिटलेला असतो.

कुरवांचं तर नावच फसवं.
एक काळ्या डोक्याचा, एक तपकिरी डोक्याचा,
आणि इथे हिवाळाभर दोघांचीही डोकी पांढरी.
कानामागे तेवढी काजळाची तीट,
निघताना कुणीतरी दृष्ट लागू नये म्हणून लावल्यासारखी.
मार्चमध्ये डोकी गडद होऊ लागली
की समजायचं, आता निघाले.
आपलं उलटं.
डोळा फिका तर तपकिरी, डोळा गडद तर काळा,
असं मी वहीत लिहून ठेवलंय.
होडी हलते. डोळा दिसत नाही.

होडी चांगुणा मढवीची. साठी उलटलेली.
दुर्बीण दिली तर न बघता परत देते.
लांबचं तिला लख्ख दिसतं, जवळचं नाही;
सुईत दोरा मला ओवायला लावते.
अडीच नंबरचा चष्मा नेऊन दिला होता,
तो देव्हाऱ्यात आहे.
विजेच्या टॉवरखालून थवा उठला
की मान न वळवता सांगते,
"ये पान्यातून सरल उठतान. ते धावून."
माझ्या पुस्तकात हे सतराव्या पानावर आहे.

एकदा तिवरांच्या कडेला जोडीने बसलेली बदकं तिने दाखवली.
काळ्या चोचीचं टोक पिवळं, मुळाशी दोन लाल ठिपके.
"यो आमचा," म्हणाली. "यो काय जात नाय."
मी नाव सांगितलं, हळदी-कुंकू बदक,
आणि तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघायला नको
म्हणून नकाशा उघडला.
त्यात आपला सगळा किनारा हिरवा: बारमाही.
ती हसली. "लावू दे ना तिला."

जानेवारीत, तिसऱ्या रविवारी,
तिच्या जाळ्यात एक लहानशी मादी गुंतली.
चांगुणाने ओल्या फडक्यात धरली.
"काप. मना दोरा दिसत नाय."
दुकानातली बारीक कात्री माझ्या खिशात असतेच.
चक्रांग की भुवई? वीतभर अंतरावर होती ती,
इतक्या जवळ मी रानबदक कधी पाहिलं नव्हतं.
दोरा नेमका पंखाच्या पट्ट्यावरूनच गेलेला.
मी दोरा बघत होतो. एकेक पीस सोडवत होतो.
फडक्यातून तिचं काळीज माझ्या करंगळीला लागत होतं,
शिलाई मशीनसारखं.
शेवटचा फास तुटला, चांगुणाने हात उघडले,
आणि ती सरळ उठली, पाणी न तुडवता.

"कोन व्हती?"
मला पापणीची कड आठवत होती,
तिच्यावर अडकलेला पाण्याचा थेंब.
वहीत लिहिलं: मादी, एक. चक्रांग किंवा भुवई.
मोजणीच्या तक्त्यात 'किंवा'ला रकाना नाही.

सोमवारी दुकानात एक आजोबा, मोतीबिंदू काढलेले.
हे चांगलं, की हे?
ते खूप वेळ समोरच्या अक्षरांकडे बघत राहिले.
म्हणाले, परत दाखवा.