हातच्याची वजाबाकी

शनिवारी जाळी विणायच्या शेडमध्ये
आमचा दवाखाना भरतो.
ताल्काउआनोच्या धक्क्यावर आता
जाळी फारशी विणत नाही कुणी,
पण छपरात माशांचा वास मुरलाय,
मांजरं त्या वासाकडे बघत
रांगेत शहाण्यासारखी बसतात.
कुत्र्यांचं सांगू नका.

माझ्याकडे वही.
नाव, रंग, वय अंदाजे,
वजन मात्र अंदाजे नाही.
डॉक्टर रायेन म्हणते,
जंताची गोळी किलोवर, पिसवांचं औषध किलोवर,
गुंगीचं तर त्याहून काटेकोर;
अंदाजाने दिलेलं औषध
सगळ्यात महाग पडतं.

प्राण्यांचा काटा घेण्याइतके पैसे कधी जमले नाहीत.
न्हाणीघरातला एक आहे, काच तडकलेला.
आधी जनावर कवेत घेऊन उभं राहायचं,
मग त्याला खाली ठेवून एकट्याने.
वजाबाकी मी करते,
लागला तर शेजारच्या घरातून हातचा घेऊन.

एलेउतेरियो आपला ढाण्या कुत्रा उचलतो
आणि दोघं मिळून हलतात, काटा ठरत नाही.
शाळेतली पोरं लिंबं देऊन लस टोचून नेतात.
टाक्यांवर चढवायला जुन्या स्वेटरची बाही कापायची,
महागडं नरसाळं कशाला विकत,
कांदा घालू नका, आणि तुमच्या तापाची गोळी
मांजराला चुकूनही नाही, मरेल,
हे रायेन दर शनिवारी सांगते, त्याच आवाजात,
जणू पहिल्यांदाच सुचलंय.

ओतिलिया सानुएसा एप्रिलमध्ये आली.
मांजराचं नाव अल्काल्दे, म्हणजे महापौर:
दिवसभर काही करत नाही
आणि ताटाला पहिला.
दोघं मिळून पासष्ट पूर्णांक तीन.
एकटी एकसष्ट.
अल्काल्दे चार पूर्णांक तीन.
पैसे मोजून दिले, सुटे, पुरते.
फुकट म्हणू नका, म्हणाली,
त्याला ऐकू येतं.

जुलैत दोघं बासष्ट पूर्णांक तीन.
एकटी अठ्ठावन्न.
महापौर चार पूर्णांक तीन.
ऑक्टोबरात ती एकटी चोपन्न.
महापौर चार पूर्णांक तीन.

वहीत मांजराच्या वजनाला रकाना आहे.
उरलेल्या आकड्याला नाही.
उत्तर काढलं की तो खोडायचा, अशी पद्धत.
मी नाही खोडला.
समासात पेन्सिलीने, बारीक,
एकाखाली एक: एकसष्ट, अठ्ठावन्न, चोपन्न.

रायेनला दाखवलं.
ती बराच वेळ हातमोजे काढत राहिली.
मग बाहेर जाऊन म्हणाली,
ओतिलियाबाई, याच्या मूत्रपिंडाचं जरा बघायला हवं,
दर शनिवारी वजन करावं लागेल.
दुपारी बाराला. आधी नको.

बाराला आमच्या स्टोव्हवर मसूर शिजलेला असतो,
कामाला येणाऱ्या सगळ्यांसाठी, आणि
जो थांबेल त्याच्यासाठी.

तीन शनिवार ती थांबली.
महापौराने मसूर हुंगून तोंड फिरवलं,
तिने वाटी पुसून घेतली पावाच्या तुकड्याने,
आणि जाताना म्हणाली,
पुढच्या खेपेला लसूण जास्त घाला.

चौथ्या शनिवारी माझी वही
तिच्या बाजूने उलटी उघडी होती.
काही जणांना उलटं वाचता येतं,
तीस वर्षं मासळीच्या कारखान्यात
मुकादमाच्या टेबलापुढे उभं राहिलं की.

तिने बोट ठेवलं. समासावर.
अठ्ठावन्नवर.

हे चुकलंय, म्हणाली.
जुलैत पाऊस होता, माझा कोट भिजला होता.
दोन किलोचा तरी असेल.

मांजर खांद्यावर टाकलं
आणि काट्यावर चढली,
आधी त्याच्यासकट, मग
त्याला माझ्या मांडीवर ठेवून,
अनवाणी.

लिही नीट, म्हणाली. दोन्ही.